सटवाई इतक्या उत्तरेला येत नाही

लेह्तोकोस्कीच्या कागद गिरणीत आता कागद होत नाही.
जिथं ओल्या लगद्याची वाफ होती तिथं काळी कपाटं.
नदीचं पाणी तेच,
आता ते चिपा थंड करतं.

पहाटे तीनला आउने कार्पिनेन
दोन गुप्त चाव्या पडद्यावर शेजारी मांडते:
एक दातांच्या दवाखान्याच्या यंत्राची,
एक तलावापलीकडच्या फेरीबोटीच्या तिकिटांची.
अक्षर न् अक्षर जुळतं.
चष्मा पुसते. पुन्हा पहिल्यापासून.
जुळतं.

आमच्याकडे सहाव्या रात्री बाळाच्या उशाशी
कोरा कागद ठेवतात, लेखणी ठेवतात.
घर झोपलं की सटवाई येते,
कपाळावर लिहून जाते,
आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला लागू होत नाही.
हे मी आउनेला कधी सांगितलेलं नाही.
शेजारच्या खुर्चीत बसून
मी नोंदवही वर सरकवतो:
साचा कोणी केला, कधी केला,
बीजाची फाइल आतच कोणी राहू दिली.
नाव माझं आहे.

चाळीस प्रती निघाल्या त्या साच्यातून.
चाळीस आभासी यंत्रं जागी झाली, डोळे चोळले,
प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच,
आणि प्रत्येकानं मनात धरला
तोच आकडा.

खऱ्या यंत्राला निदान अंग असतं.
फिरती तबकडी अडखळते, कुणाचं बोट उशिरा पडतं,
त्या अडखळण्यातून ते मूठभर अनिश्चितता गोळा करतं.
यांना ना तबकडी ना बोट.
घड्याळसुद्धा यजमानानं दाखवलं तर दिसतं.

“मग यजमानाकडून घेऊ,” मी म्हणतो.
“घेऊ,” आउने म्हणते, “पण
यजमानाची पाटी उघडी असेल तर?”
दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं
तर आधी ओंजळ बघावी.
चिपची स्वतःची एक आज्ञा आहे, मागितलं की दान टाकते,
पण कवड्या तिच्याच मुठीत,
आणि ती मूठ आतून कुणी पाहिलीय?
कालची स्थिती जपून ठेवली, आज तीच उठवली,
तर यंत्र कालचंच बोलतं,
शपथेवर सांगतं की नवीन आहे.

साडेचारला ताउनो येतो, रात्रीचा वायरमन,
याच इमारतीत एकतीस वर्षं रीळ गुंडाळणारा.
हातात स्प्रूसच्या सालीचा तुकडा,
गेटजवळच्या मेल्या झाडाची.
उलटी करून टेबलावर ठेवतो.
आतून कोरलेल्या वाटा: एक उभी, तिला फुटलेल्या
आडव्या, वाकड्या, मध्येच थांबलेल्या.
किडा तांदळाएवढा.
“किर्यानपाइनाया,” तो म्हणतो.
पुस्तक छापणारा.

मी हसतो, मग हसू थांबतं.
आजोबांच्या तोंडी एक शब्द होता, घुणाक्षर:
किडा लाकूड खातो, मागे अक्षर उमटतं,
त्यानं ते लिहिलेलं नसतं.
दोन हजार कोसांवर दोन भाषांनी
एकाच किड्याच्या पाठीमागे उभं राहून वाचलं.
हा योगायोग मला हवा होता तेवढाच;
चाव्यांमधला नको होता.

आउने साल खिडकीत ठेवते आणि कामाला लागते.
साच्यातली बीजाची फाइल पुसते.
यजमानाचं थोडं, चिपचं थोडं,
घड्याळाच्या ठोक्यांतला कंप थोडा,
सगळं एका भांड्यात घुसळते.
चौघांत तिघं लबाड निघाले तरी
एक खरा पुरे.
आणि वर एक ओळ: भांडं भरेपर्यंत थांब,
चावी मागू नको, कुणी कितीही घाई केली तरी.

पहिलं यंत्र सुरू होतं.
पडदा काळा. कर्सर लुकलुकतो.
चार सेकंद. सात.
ताउनो विचारतो, अडकलंय का?
“नाही,” मी म्हणतो, “सटवाईची वाट बघतंय.”
“कोण?”
अकराव्या सेकंदाला अक्षरं उतरतात,
पूर्वी कुठेच न आलेली.

आउने खुर्ची मागे ढकलते.
“एकोणचाळीस उरलीत.
दवाखाना आठला उघडतो.
तो फोन
तू करायचास.”